हौसेची धांव

मनुष्यास धांवावयास शिकवावें लागत नाहीं. मूल चालूं लागलें कीं थोड्याच दिवसांत धांवूं लागतें, आणि पुढें कित्येक वर्षें तें चालण्यापेक्षां धांवतच अधिक असतें. मग केव्हां तरी, बहुधा शाळा सुटण्याच्या सुमारास, हें धांवणें बंद पडतें. तें कोणत्या दिवशीं बंद पडलें हें सहसा कोणास आठवत नाहीं. आमच्या नरखेड तालुक्यांतील कित्येक तरुणांच्या बाबतींत मात्र तो दिवस नेमका सांगतां येतो. भरतीच्या यादींत आपलें नांव नाहीं हें ज्या दिवशीं कळलें, तोच तो दिवस.

नरखेड, मोवाड, सावरगांव, जलालखेडा, यांपैकीं कोणत्याही गांवाबाहेर पहाटे पांच वाजतां जाऊन पाहावें. संत्र्याच्या बागांमधून गेलेल्या रस्त्यावर पांच-दहा मुलें, आणि अलीकडे मुलीही, धांवतांना दिसतात. पोलिसांत किंवा सैन्यांत जावयाचें हा त्यांचा निश्चय असतो. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चांचणीचे गुण ५०, आणि त्यांतील २० एकट्या लांब धांवेस आहेत. पुरुष उमेदवारानें १६०० मीटर अंतर ५ मिनिटें १० सेकंदांच्या आंत काटलें तर त्यास ते वीसही मिळतात. जागा थोड्या व उमेदवार फार. ज्यांची निवड होते ते गांव सोडून जातात. ज्यांची होत नाहीं ते वयाची मर्यादा संपेपर्यंत पुन्हां पुन्हां प्रयत्न करितात, आणि ती संपली कीं बूट माळ्यावर पडतात. तीन-चार वर्षांच्या पहाटा खर्चून कमावलेला दम वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. हा आम्हांस मोठा तोटा वाटतो, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचें कारणही तेंच आहे.

धांवण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यांत नोकरी मिळत नाहीं, गुण मिळत नाहींत, आणि बहुतेकांस बक्षीसही मिळत नाहीं. शहरांत रविवारीं सकाळीं कांहीं रस्ते मोकळे ठेवून पांच, दहा, एकवीस किंवा बेचाळीस किलोमीटरांच्या शर्यती होतात, व शेंकडों, कोठें हजारों स्त्रीपुरुष त्यांत धांवतात. गेलीं कांहीं वर्षें आम्हीही त्यांपैकीं एक आहों. एकदां बागेच्या धुऱ्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस थांबवून विचारिलें, “काहून पयता जी? मागं कुत्रं लागलं काय?” आम्हीं शर्यतीची हकीकत सांगितली. प्रवेशासाठीं कांहीं शें रुपये भरावे लागतात हें ऐकून ते म्हणाले, “म्हंजे पयाचे पैसे बी आपणच द्याचे, अन् नंबर बी नाही येत!” त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्याजोगें नाहीं, म्हणून येथें सविस्तर देतों.

नागपुराकडील बहुतेक शर्यती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत होतात. (संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडही याच सुमारास चालूं असते, त्यामुळें बागाईतदारांच्या मुलांस घर सोडणें कठीण जातें, हें आम्ही जाणतों.) पहाटे सहाच्या शर्यतीस नरखेडहून त्याच दिवशीं पोहोंचणें जिकिरीचें असतें. म्हणून आदल्या दिवशींच जावें, छातीवर लावावयाचा नंबर घ्यावा, व एखाद्या आत्याकडे किंवा मावशीकडे मुक्काम करावा. थंडीचे दिवस असल्यामुळें मावशी सांबारवडी तळावयास घेते. तिला हात जोडून वरणभातावर भागवावें, हा पहिला नियम.

नंबराच्या मागें बोटाएवढी एक चिप चिकटविलेली असते. आरंभीच्या व शेवटच्या रेषेवर पसरलेल्या चटया ती ओळखतात, आणि प्रत्येक जण स्वतः रेषा ओलांडील त्या क्षणापासून त्याची वेळ निराळी मोजली जाते. दिसावयास ही गोष्ट लहान आहे. परंतु मोठ्या समुदायाच्या मागें उभ्या असलेल्या माणसास बार झाल्यावर रेषेपर्यंत येण्यासच कांहीं मिनिटें लागतात. चिप नव्हती तेव्हां तीं सर्व त्याच्या खातीं पडत. आतां मागच्या रांगेंतील माणसासही आपली खरी वेळ कळते, व मागील वर्षीच्या वेळेशीं ती ताडून पाहतां येते. हौशी मनुष्याची स्पर्धा असते ती हीच. पुढें कोण गेला याची त्यास फारशी पर्वा नसते. पुढचे पहिले पन्नास तर त्याच्या दृष्टीसही पडत नाहींत.

आरंभरेषेमागील समुदाय पाहण्यासारखा असतो. बँकेंतील कारकून, डॉक्टर, सेवानिवृत्त शिक्षक, नवी सून आणि तिची सासू, रात्रपाळी संपवून आलेला शिपाई. कोणी क्रूसाची खूण करितो, कोणी जमिनीस हात लावून कपाळास लावितो, कोणी उगाच बुटाची नाडी पुन्हां पुन्हां बांधितो. मग बार होतो, आणि पहिल्या किलोमीटरांत एक नवल दिसतें. बहुतेक सर्व जण आपल्या शक्तीबाहेर धांवूं लागतात.

याचें कारण शरीराच्या रचनेंत आहे. धांवण्यास आरंभ केल्यावर श्वास व हृदयाची गति त्या श्रमास अनुरूप होण्यास दोन-तीन मिनिटें लागतात. तोंवर पाय ताजे असतात, श्रम जाणवत नाहींत, आणि कितीही वेगानें धांवलें तरी सोपेंच वाटतें. प्राणवायूच्या आधारें जेवढी शक्ति निर्माण होते तिच्यापेक्षां अधिक खर्च झाली म्हणजे स्नायूंत आम्लता वाढते व पाय जड होतात. परंतु हें कळतें तेव्हां तिसरा किलोमीटर लागलेला असतो. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा. ज्याची खरी शक्ति दहा किलोमीटर एका तासांत धांवण्याची आहे त्यास दर किलोमीटरास ६ मिनिटें मिळतात. त्यानें पहिले तीन किलोमीटर दर ५ मिनिटांप्रमाणें काटले तर ३ मिनिटांची बचत होते. पुढें थकून उरलेले सात किलोमीटर दर ७ मिनिटांप्रमाणें काढावे लागले तर ७ मिनिटें जातात. एकंदर वेळ ६४ मिनिटें. तोच मनुष्य आरंभीं सर्वांस पुढें जाऊं देऊन एकाच चालीनें धांवला असता, तर चार मिनिटें अगोदर, आणि हंसत, पोहोंचला असता. घरखर्च चालविणाऱ्या गृहिणीस हें सांगावें लागत नाहीं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत काय करूं नये तें तिला ठाऊक असतें. आमच्या अनुभवास येतें तें असें कीं, साठीच्या घरांतील एखादी बाई एकाच संथ पावलानें मागून येते, आणि धापा टाकीत चालणाऱ्या विशीतल्या तरुणांस ओलांडून निघून जाते. हें दृश्य जवळजवळ प्रत्येक शर्यतींत दिसतें.

सहावा-सातवा किलोमीटर आम्हांस सर्वांत आवडतो. बँडवाले मागें राहिलेले असतात, टाळ्या वाजविणारे शेवटच्या रेषेपाशीं जमलेले असतात, मध्यें रस्ता मोकळा. उन्हें नुकतीं झाडांच्या शेंड्यांवर आलेलीं असतात. शेजारीं कोणी अनोळखी मनुष्य आपल्याच चालीनें धांवत असतो, व दोघे कांहीं न बोलतां दोन किलोमीटर बरोबर जातात. शेवटीं गळ्यांत पदक पडतें. तें सर्वांसच मिळतें, तेव्हां त्याचा अभिमान धरण्यांत अर्थ नाहीं. नंतर तर्री-पोहे मिळतात, त्यांचें मात्र मोल आम्हांस अधिक वाटतें.

ही झाली आम्हां सामान्यांची गोष्ट. ज्यांस खरोखर धांवतां येतें त्यांची गति कशी असते हें कळावें म्हणून एकच उदाहरण देतों. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांतल्या मांडवा गांवचे अविनाश साबळे लहानपणीं शाळेस जावयास कित्येक किलोमीटर चालत व धांवत जात. बारावीनंतर ते सैन्यांत दाखल झाले, आणि शर्यतींकडे वळले ते त्यानंतर. इ. स. २०२० च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्यें त्यांनीं २१ किलोमीटरांहून थोडें अधिक असलेलें अंतर १ तास ३० सेकंदांत काटलें. तो तेव्हांचा राष्ट्रीय विक्रम होता. भागाकार करून पाहिलें असतां दर किलोमीटरास सुमारें २ मिनिटें ५२ सेकंद पडतात. पोलीस भरतींत पूर्ण गुण मिळविण्यास १६०० मीटर ज्या गतीनें धांवावें लागतें ती दर किलोमीटरास सुमारें ३ मिनिटें १४ सेकंद आहे. आपल्या गांवचा चपळ मुलगा जी गति पांच मिनिटें टिकवितो, तिच्याहून अधिक गति त्यांनीं तासभर टिकविली.

आतां एक दुःखद गोष्ट सांगणें भाग आहे, कारण तिच्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. इ. स. २०२४ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत झारखंड राज्यांत अबकारी शिपायांची भरती झाली. पुरुष उमेदवारांनीं दहा किलोमीटर एका तासांत धांवावें असा नियम होता. त्या चांचणींत व तिच्यानंतर दहाहून अधिक तरुण मरण पावले. दमट उकाडा, आदली रात्र रांगेंत जागून काढणें, अपुरी तयारी, अशीं कारणें त्या वेळीं पुढें आलीं. कांहींनीं उत्तेजक द्रव्यें घेतल्याचा संशयही व्यक्त झाला. पुढें कांहीं दिवस भरती थांबवून नियमांचा फेरविचार करण्यांत आला.

दहा किलोमीटर, एक तास. हेंच अंतर आणि हीच वेळ रविवारच्या शर्यतींत पन्नाशीचे गृहस्थ हौसेनें गांठतात व नंतर पोहे खातात. मग विशींतले धडधाकट तरुण कां मेले? आमच्या मतें दोन गोष्टींचा फरक आहे. एक तयारीचा, तिच्याविषयीं पुढें लिहीत आहों. दुसरा असा कीं, हौसेनें धांवणाऱ्यास थांबण्याची मोकळीक असते. चक्कर आली, छातींत दुखलें, घाम येईनासा झाला, तर तो कडेला बसतो. त्याचें कांहीं जात नाहीं. ज्याच्या धांवण्यावर घरच्या पांच माणसांची आशा टांगलेली आहे तो बसत नाहीं. आपल्या मुलास भरतीस पाठविणाऱ्या पालकांनीं निघतांना त्यास एवढें तरी सांगावें, कीं बाबा, तुला कांहीं झालें असें वाटलें तर थांब, आम्ही रागावणार नाहीं. हें वाक्य ऐकण्याची गरज त्यास पौष्टिक खाण्याइतकीच आहे.

तयारीविषयीं लोकांच्या कल्पना फार चुकीच्या आहेत. रोज जीव तोडून धांवावें म्हणजे दम वाढतो असें समजतात. वस्तुतः जाणते शिक्षक आठवड्यांतील बहुतेक धांव इतकी सावकाश ठेवितात कीं, धांवतांना शेजाऱ्याशीं पूर्ण वाक्य बोलतां यावें. वाक्य तुटूं लागलें कीं गति कमी करावी. एखाद-दुसऱ्या दिवशीं मात्र वेगानें धांवावें. ज्यास अजिबात संवय नाहीं त्यानें एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें, असें अर्धा तास करावें व चालण्याचा भाग हळूहळू घटवावा. तीन-चार महिन्यांत तो दहा किलोमीटरांस तयार होतो. घाई केली असतां काय होतें? हृदय व फुफ्फुसें थोड्या आठवड्यांत सुधारतात, पण हाडें व स्नायुबंध यांस बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. दम वाढला म्हणून मुलगा अंतर एकदम दुप्पट करितो, आणि नडगी दुखूं लागते.

उन्हाळ्याविषयीं आपल्या भागांतील लोकांस सांगणें नलगे. मे महिन्यांत नागपुराकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीं जें होईल तेवढेंच करावें. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. कमी पाणी पिणें जसें वाईट तसें लांबच्या शर्यतींत तहान नसतां सारखें साधें पाणी पीत राहणेंही वाईट. त्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें, आणि परदेशांतील शर्यतींत त्यापायीं मृत्यूही झाले आहेत. रस्त्यानें धांवतांना उजव्या कडेनें, म्हणजे समोरून येणारें वाहन दिसेल असें, धांवावें व अंगांत पांढरा सदरा घालावा. संत्र्यानें भरलेला ट्रक पहाटेच्या धुक्यांत कोणासाठीं थांबत नाहीं.

लहान मुलांच्या बाबतींत पालकांनीं विशेष जपावें. इ. स. २००६ मध्यें ओरिसांतील बुधिया सिंग नांवाच्या चार वर्षांच्या मुलास पुरीहून भुवनेश्वरपर्यंत सुमारें ६५ किलोमीटर धांवविण्यांत आलें. देशभर कौतुक झालें. पुढें सरकारनें त्यास लांब धांवण्यास बंदी केली, आणि ती योग्यच होती असें आम्हांस वाटतें. पूर्ण मॅरेथॉनला बहुतेक ठिकाणीं अठरा वर्षांची अट असते. शाळकरी मुलांस दोन-तीन किलोमीटर पुष्कळ झाले.

मुलींविषयीं एक शब्द. त्या पहाटे रस्त्यावर येतात हेंच मुळीं अलीकडचें आहे, व त्यांस एकट्या न पाठवितां चौघींनीं मिळून जाऊं द्यावें. लुगड्यांत धांवतां येत नाहीं असें कोणी म्हटल्यास त्यास बारामतीच्या लता करे यांची गोष्ट सांगावी. साठी उलटलेल्या या बाई पतीच्या तपासणीसाठीं पैसे हवेत म्हणून नऊवारींत, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतींत धांवल्या व पहिल्या आल्या. इ. स. २०२० मध्यें त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि त्यांत त्यांनीं आपली भूमिका स्वतःच केली. अर्थात् त्या धांवेस हौस म्हणवत नाहीं.

अनवाणी धांवण्यावरून जुनी हकीकत आठवते. इ. स. १९१९ मध्यें पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे खेडुत तरुण सर दोराबजी टाटा यांनीं पाहिले. त्यांच्या वेळा युरोपांतील धांवपटूंच्या वेळांपासून फार दूर नाहींत हें पाहून त्यांनीं पुढच्या वर्षींच्या अँटवर्प येथील ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याच्या कामीं पुढाकार घेतला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या खेपेची मॅरेथॉन नेहमींच्या ४२ किलोमीटर १९५ मीटरांहूनही लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती. नरखेडहून रेल्वेच्या वाटेनें काटोलास जाऊन परत येण्याच्या अंतराहून तें कांहींसेंच कमी. चौगुले यांनीं तें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत काटलें व एकोणिसावा क्रमांक मिळविला.

आपल्या शाळेसारख्या ठिकाणीं एक शंका निघेल: शर्यत रविवारींच कां? कारण त्या दिवशीं रस्ते रिकामे असतात. सहास निघालेला मनुष्य साडेसातास मोकळा होतो, व नऊच्या उपासनेस स्नान करून बसतां येतें. तथापि या बाबतींत एरिक लिडेल यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जावत नाहीं. मिशनरी आईबापांचा हा मुलगा १०० मीटरांत ब्रिटनचा भरंवशाचा धांवपटू होता. इ. स. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें त्या शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारीं आली, म्हणून त्यांनीं ती सोडली. ४०० मीटर धांवून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविलें. पुढल्या वर्षीं ते चीनमध्यें मिशनचे शिक्षक होऊन गेले, आणि १९४५ मध्यें जपान्यांच्या बंदिछावणींत वारले. त्या छावणींत ते कोंडलेल्या मुलांचे खेळ चालवीत. रविवारीं पंचावांचून मुलें मारामारीवर आलीं, तेव्हां स्वतः रविवार पाळणारे लिडेल त्यांच्यासाठीं शिटी घेऊन मैदानांत उतरले, असें तेथील मुलांच्या आठवणींतून समजतें.

आतां शेवटचें, आणि आमच्या मतें सर्वांत उपयोगाचें. नागपुरास प्रत्येकाला जातां येणार नाहीं. पण मोजलेला एक किलोमीटर प्रत्येक गांवास असावा. अंतर ठाऊक नसलें तर वेळ घेऊन उपयोग नाहीं, आणि वेळ ठाऊक नसली तर सुधारणा दिसत नाहीं. मोठ्या शर्यतींचे रस्तेही सायकलीच्या चाकाला फेरे मोजणारें यंत्र लावूनच मोजतात, व अंतर कमी भरूं नये म्हणून दर हजार मीटरांस एक मीटर जास्त धरितात. आपल्याला यंत्राचीही गरज नाहीं. पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधावी. चाकाची हवा भरण्याची तोटी जमिनीकडे येईल असें धरून तेथें खडूनें खूण करावी, सायकलीवर नेहमींप्रमाणें बसून चाक एक पूर्ण फेरा पुढें न्यावें, पुन्हां खूण करावी, व दोन्ही खुणांमधील अंतर टेपनें मोजावें. तें २ मीटर १५ सेंटीमीटर भरलें तर हजार मीटरांस ४६५ फेरे होतात. दोघांनीं मिळून मोजावें. एकानें सरळ चालवावें, दुसऱ्यानें बरोबर धांवत चिंधी मोजावी. टायरांत हवा सारखी असावी, कारण ती उतरली कीं चाकाचा घेर थोडा घटतो. जातांना व येतांना असें दोनदां मोजून फरक फार न निघाल्यास आरंभीं व शेवटीं एकेका खांबावर गेरूची रेघ ओढून ठेवावी. पावसाळ्यानंतर ती पुसट होते, तेव्हां दिवाळीच्या सुटींत पुन्हां ओढावी.